प्रकल्प नोंदी: ऑक्टोबरच्या उन्हाची भाषा

१ ऑक्टोबर २०२४, मंगळवार

दर शुक्रवारी मोबाइलवर जाणाऱ्या आमच्या हवामान-पत्रकाची भाषा ठरवण्याचे काम आजपासून माझ्याकडे आले. पत्रक जेमतेम शंभर शब्दांचे असते. वाचणाऱ्यांत निम्मे शेतकरी आणि निम्मे शहरातले आहेत, आणि लिहिणारे आम्ही तिघे आळीपाळीने लिहितो. त्यामुळे एकाच्या आठवड्यात 'थोडा उकाडा' असतो, आणि पुढच्या आठवड्यात जवळपास तितक्याच तापमानाला दुसऱ्याच्या लेखणीतून 'अंगाची लाही लाही' होते. गेल्या वर्षीच्या ऑक्टोबरमधली सगळी पत्रके आज शेजारी शेजारी ठेवून वाचली. ती एकाच महिन्याची आहेत असे कोणाला वाटले नसते.

सुरुवात ऑक्टोबरपासून करण्याचे कारण साधे आहे. मे महिन्यातले ऊन कडक असणार हे सर्वांनी धरलेलेच असते, आणि जानेवारीत उकडले तर ते नवल आहे हे सांगावे लागत नाही. ऑक्टोबरची गोष्ट अवघड आहे, कारण या महिन्यातल्या उन्हाला आपण केव्हाच नाव देऊन ठेवले आहे. 'ऑक्टोबर हीट' म्हटले की अर्ध्या वाचकांना 'दरवर्षीचेच' असे वाटते आणि उरलेल्या अर्ध्यांना 'काहीतरी भयंकर' असे वाटते. दोन्ही समजुतींना वाट करून देणारा असा शब्द पत्रकाच्या शब्दांच्या यादीत ठेवावा की काढावा, हा पहिला प्रश्न. उत्तर आज लिहीत नाही.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

दिवसभर शब्द गोळा केले. नागपूरकडच्या सहकारी मॅडम 'गर्मी' आणि 'ऊन तापतंय' यांपलीकडे फारशा जात नाहीत. रत्नागिरीचे सहकारी 'गदगदतंय' म्हणतात, आणि त्या एका क्रियापदात वारा पडलेला, हवा ओली आणि कपाळ घामेजलेले हे सगळे येते. दुर्दैवाने देशावरच्या वाचकाला ते नेमके कळेलच असे नाही. पत्रकासाठी 'उकाडा' ठेवला. मात्र त्यात दमटपणा गृहीत आहे ही अट शेजारी लिहून ठेवली. कोरड्या, नुसत्या तापलेल्या हवेला उकाडा म्हणायचे नाही.

'काहिली' आणि 'तलखी' या शब्दांवर बराच वेळ गेला. हे दोन्ही शब्द हवेपेक्षा माणसाच्या जिवाचे वर्णन करतात. जिवाची काहिली होते, हवेची होत नाही. पत्रकात आपण वाचकाच्या जिवाविषयी बोलायला लागलो की मोजमाप संपते आणि कीर्तन सुरू होते, म्हणून दोन्ही बाजूला ठेवले. 'उष्मा' हा शब्द औपचारिक असला तरी तटस्थ आहे, तो ठेवला. 'चटका' फक्त थेट उन्हासाठी ठेवला, कारण पावसानंतर आकाश धुतल्यासारखे स्वच्छ झालेले असताना अकरा वाजताचे ऊन कातडीला खरोखरच चटके देते, आणि ते सावलीतल्या तापमानाच्या आकड्यात दिसत नाही.

'रणरणते' आणि 'रखरखीत' हे दोन शब्द ऑक्टोबरपुरते सरळ खोडले. रखरख ही जमिनीची अवस्था आहे. आत्ता बांधावर गवत गुडघाभर आहे, ओढ्यांना पाणी आहे, ज्वारी नुकती उगवते आहे, आणि अशा हिरव्यागार शिवारावर रखरखीत दुपार कशी येईल? गेल्या वर्षीच्या एका पत्रकात 'वैशाख वणवा' सुद्धा सापडला. तो माझाच होता.

'उबदार' हाही शब्द खोडला. परदेशातल्या बातम्या मराठीत आणताना तो येतो. तिकडे पानगळीच्या दिवसांत थंडी अपेक्षित असते, त्यामुळे चार अंश जास्त ही सुखाची बातमी ठरते. मराठीत उबदार गोधडी असते, आईची कूस असते. आपला शरद, म्हणजे आश्विन आणि कार्तिक, हा मुळातच गारव्याचा ऋतू म्हणून ओळखला जात नाही, आणि पानगळ तर आपल्याकडे शिशिरात होते. आयुर्वेदाच्या ऋतुचर्येत शरद हा पित्त उसळण्याचा काळ मानला आहे, आणि त्याचे कारणही नेमके दिले आहे: पावसाळ्याच्या गारव्याला सरावलेले शरीर एकाएकी सूर्यकिरणांनी तापते. ऑक्टोबरचे ऊन नवे नाही, एवढे यावरून नक्की होते. नवे काय असते ते शोधायचे आहे.

९ ऑक्टोबर, बुधवार

आज 'सरासरी'.

आमच्या एका ज्येष्ठ स्नेह्यांनी आयुष्यभर वेधशाळेत निरीक्षणे घेतली. आम्ही त्यांना काका म्हणतो. त्यांच्याकडे सकाळी गेलो होतो. सिमला ऑफिसच्या चौकापर्यंत ते माझ्याबरोबर चालत आले. हवामान विभागाचे मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्याला आले, त्यावरून त्या इमारतीला आणि पुढे बसथांब्यालाही हे नाव पडले. मुख्यालय १९४४ मध्ये दिल्लीला गेले, तरी पुणेकरांचे 'सिमला ऑफिस' जागेवरच आहे.

काकांनी माझ्या हातातली यादी पाहिली आणि 'पारा' या शब्दावर बोट ठेवले. "किमान पारा घसरला, असं लिहिता ना तुम्ही? किमान तापमापीत पाराच नसतो. स्पिरिट असतं." ही गोष्ट मला माहीत नव्हती. जुन्या पद्धतीच्या कमाल तापमापीत पारा असतो. किमान तापमापीत अल्कोहोल आणि त्यात एक छोटी दर्शक काडी असते. द्रव आकसताना काडीला मागे ओढून नेतो आणि पुन्हा पसरताना तिला तिथेच सोडून पुढे जातो. आता ठिकठिकाणी स्वयंचलित यंत्रे आली आहेत, त्यांत तर दोन्हीही नाहीत. 'पाऱ्याने उसळी घेतली', 'पारा भडकला' हे प्रयोग त्यामुळे यादीतून गेले. खरे कारण मात्र वेगळे आहे: उसळी आणि भडका हे शब्द वाचले की मनात वेग येतो, आणि एका दिवसात अर्धा अंश वाढला तरी तोच शब्द वापरला जातो.

त्यानंतर मुख्य मुद्दा. हवामानशास्त्रात सरासरी म्हणजे ठरावीक तीस वर्षांची सरासरी. सध्या १९९१ ते २०२० हा काळ धरतात, त्यापूर्वी १९८१ ते २०१० धरत असत. मापाची ही फूटपट्टी बदलते, हे वाचकाला कोणी सांगत नाही. नव्या तीस वर्षांत उष्ण वर्षे अधिक असतील तर सरासरीच वर सरकते आणि तोच दिवस 'सरासरीपेक्षा' कमी गरम दिसू लागतो. एकही खोटा आकडा न लिहिता हातचे राखून सांगण्याचा हा प्रकार आहे. जुन्या वर्षांशी तुलना करताना सरासरी कोणत्या काळाची आहे ते लिहायचे, असा पहिला नियम ठरला.

दैनंदिन तापमानासाठी विभागाने पायऱ्या ठरवलेल्या आहेत. सरासरीच्या दीड अंश वर किंवा खाली असेल तर तापमान सरासरीच्या आसपास. १.६ ते ३ अंश अधिक असेल तर पहिली पायरी, ३.१ ते ५ अंश ही दुसरी आणि ५ अंशांच्या पुढे तिसरी. या पायऱ्यांना मराठी शब्द देताना 'लक्षणीय' हा शब्द सर्वांना आधी सुचतो. मला तो पटत नाही. लक्षणीय म्हणजे लक्ष देण्याजोगे. किती, ते त्यातून कळत नाही, आणि कशाकडे लक्ष द्यावे हे ठरवणारे आपण कोण? साधे शब्द घेतले: 'सरासरीइतके', 'सरासरीपेक्षा अधिक', 'बरेच अधिक', 'फारच अधिक'. हे शब्द रोजच्या बोलण्यातले असल्यामुळे त्यांची चढण आपोआप लक्षात येते. प्रत्येक शब्दाशेजारी आकडा बंधनकारक. शब्द आकड्याऐवजी येणार नाही, आकड्याबरोबर येईल.

१२ ऑक्टोबर, शनिवार

दसरा. काम बंद. सोने द्यायला आलेल्या प्रत्येकाने 'काय उकडतंय हो' एवढे एक वाक्य म्हटले. बोलण्यात ते पुरते.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

परवा, १५ तारखेला, नैऋत्य मोसमी वारे संपूर्ण देशातून परतल्याचे जाहीर झाले. देशभरातली माघार पूर्ण होण्याची सर्वसाधारण तारीखही तीच आहे. याचा अर्थ ढगांचे छत्र निघाले, जमीन अजून ओली आहे, वारा मंद आहे आणि ऊन थेट आहे. ऑक्टोबर हीट म्हणतात ती याच जोडणीतून तयार होते. मुंबईत यात आणखी एक गोष्ट मिळते. पूर्वेकडून जमिनीवरचे वारे जोरात असले की समुद्रावरून येणारा वारा दुपारी उशिरापर्यंत आत शिरत नाही, आणि त्या दोन-तीन तासांच्या उशिरात शहराचे कमाल तापमान बरेच वर जाते.

आजची नोंद खरे तर एका चुकीची आहे. गेल्या शुक्रवारच्या पत्रकात, म्हणजे ११ तारखेला, मी 'दुपारचे तापमान ३९ अंशांवर' असे लिहिले होते. तो आकडा मोबाइलवर पाहिला होता, आणि तो हवेचे तापमान नसून 'जाणवणारे तापमान' होता. आर्द्रता धरून शरीराला किती गरम वाटेल याचा तो अंदाज असतो. प्रत्यक्ष हवा त्यापेक्षा कितीतरी थंड होती. एका वाचकाने आज फोन करून विचारले, "आमच्या पॅकहाउसमधला काटा चौतीस दाखवतो. बिघडला का बघायचा?" त्यांचा काटा ठीक होता. उद्याच्या पत्रकात पहिल्याच ओळीत दुरुस्ती देतो आहे.

यातून पुढचा नियम आला. हवेचे तापमान आणि जाणवणारे तापमान एका वाक्यात आणायचे नाहीत, आणि जाणवणारे तापमान द्यायचेच असेल तर ते कोणी काढले तेही लिहायचे.

दुपारी गच्चीवर स्वतःच एक प्रयोग करून पाहिला. गच्चीच्या फरशीपासून वीतभर उंचीवर, उन्हात टांगलेली साधी तापमापी अडीच वाजता ४१ दाखवत होती. तीच तापमापी खाली कडुनिंबाच्या सावलीत छातीच्या उंचीवर वीस मिनिटे धरली, तर ३३ वर आली. वेधशाळेत तापमापी ठेवायची पांढरी लाकडी पेटी जमिनीपासून सुमारे चार फुटांवर असते, तिच्या बाजूंना झडपा असतात आणि आपल्याकडे तिचे दार उत्तरेला उघडते, म्हणजे वाचन घेताना ऊन आत जात नाही. काका म्हणतात की वाचताना आधी दशांश पाहायचा आणि मग पूर्ण अंक, कारण माणूस जवळ उभा राहिला की त्याच्या श्वासानेही दशांश हलतो. इतकी काळजी घेऊन मिळवलेल्या आकड्याशेजारी सिग्नलवर उभ्या मोटारीच्या पडद्यावरचा आकडा ठेवणे हा त्या आकड्याचा अपमान आहे. माझी ४१ आणि ३३ ही वाचनेही पत्रकात जाणार नाहीत.

२१ ऑक्टोबर, सोमवार

'उष्णतेची लाट' या शब्दप्रयोगाचा निकाल लावला. हवामान विभागाच्या निकषांप्रमाणे मैदानी भागात कमाल तापमान किमान ४०, किनारपट्टीवर ३७ आणि डोंगराळ भागात ३० अंश असल्याशिवाय लाटेचा विचारच होत नाही. त्यानंतर ते सरासरीपेक्षा साडेचार अंश किंवा त्याहून अधिक, किंवा मग थेट ४५ अंश वा त्यापुढे असावे लागते, आणि ही स्थिती एका हवामान उपविभागात किमान दोन निरीक्षण केंद्रांवर सलग दोन दिवस असावी लागते. आपल्याकडे असे चार उपविभाग आहेत: कोकण-गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ. पुण्यात ऑक्टोबरचे कमाल तापमान सर्वसाधारणपणे ३२ अंशांच्या आसपास असते. ते ३६ झाले तरी वरच्या पायऱ्यांप्रमाणे 'बरेच अधिक' ठरेल, पण लाट ठरणार नाही. 'लाट' हा शब्द विभागाने जाहीर केल्याशिवाय वापरायचा नाही.

टक्केवारीही यादीतून काढून टाकली. पाऊस सरासरीपेक्षा दहा टक्के अधिक झाला हे म्हणता येते, कारण पावसाचा शून्य हा खरा शून्य असतो. तापमान दहा टक्क्यांनी वाढले याला अर्थ नाही. ३२ अंश सेल्सिअसचे ३५.२ झाले तर ती दहा टक्के वाढ दिसते. हेच फॅरनहाइटमध्ये लिहिले तर ८९.६ चे ९५.४ होते, आणि वाढ साडेसहा टक्क्यांच्याही आत येते. हवा तीच, दुपार तीच.

मराठीतली एक जुनी अडचणही आज स्पष्ट झाली. 'तापमान ३ अंशांनी वाढले' आणि 'तापमान ३ अंशांनी अधिक आहे' ही दोन वाक्ये आपण एकमेकांच्या जागी सर्रास वापरतो. पहिल्यात कालच्याशी किंवा गेल्या आठवड्याशी तुलना आहे, दुसऱ्यात सरासरीशी. दोन ढगाळ दिवसांनंतर ऊन पडले की तापमान तीन अंशांनी वाढते आणि तरीही सरासरीइतकेच असते. 'वाढले' आले की 'कशापासून' हे त्याच वाक्यात आले पाहिजे, असा नियम केला.

दुपारी नाशिककडच्या एका द्राक्ष बागायतदार मावशींचा फोन आला. गोडी छाटणी, म्हणजे फळांसाठीची छाटणी, होऊन वेलींना नवी फूट निघाली आहे, त्यामुळे सध्या त्या पत्रक बारकाईने वाचतात. त्यांनी जे म्हटले ते जसेच्या तसे उतरवून ठेवतो: "दुपारचं आम्हाला तुमच्याशिवाय कळतंय, डोक्यावर असतं ते. रात्री कशा चालल्यात ते सांगत जा."

गेल्या वर्षीची पत्रके पुन्हा काढली. एकातही ऑक्टोबरच्या रात्रीचे तापमान नव्हते.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

मावशींच्या एका वाक्याने माझ्या यादीचे अर्धे काम फिरवले आहे. आम्ही शब्द शोधत होतो ते सगळे दुपारचे होते. चटका, ऊन, उष्मा, घाम. ऑक्टोबरची दुपार गरम असते ही नेहमीची गोष्ट आहे, आणि नेहमीच्या गोष्टीचे वर्णन जोरात केले तर ती अतिशयोक्ती होते. याच महिन्यात रात्री मात्र दर आठवड्याला उतरत जायला हव्यात. आकाश निरभ्र असले आणि हवा कोरडी झाली की दिवसाची उष्णता रात्रीतून निघून जाते. ढग किंवा दमटपणा टिकला तर ती अडकून राहते. महिना नेहमीचा नाही हे दुपारीपेक्षा पहाटे आधी कळते.

काल रात्री 'दाना' चक्रीवादळ ओडिशाच्या किनाऱ्याला धडकले. महाराष्ट्रापासून ते लांब आहे. पण बंगालच्या उपसागरात अशा प्रणाली सक्रिय असल्या की पूर्वेकडून दमट हवा आत येत राहते, आणि उत्तरेकडच्या कोरड्या, गार वाऱ्यांना वाट मिळत नाही. पत्रकात हे एका वाक्यात दिले.

रात्रींचा हिशेब करताना आणखी एक सापळा सापडला. समजा, एखाद्या ठिकाणी ऑक्टोबर महिन्याच्या किमान तापमानाची सरासरी १९ अंश आहे, पण महिन्याच्या सुरुवातीला ती २१ असते आणि शेवटी १७ पर्यंत उतरते. शेवटच्या आठवड्यात किमान तापमान २०.५ राहिले, तर महिन्याच्या सरासरीशी तुलना करणारा लेखक 'दीड अंश अधिक, म्हणजे सरासरीइतकेच' असे लिहील. त्या आठवड्याच्या सरासरीशी तुलना करणारा 'साडेतीन अंश अधिक' असे लिहील. दुसरा बरोबर आहे. पहिला खोटे बोलत नाही, पण वाचक फसतो. म्हणून तुलना शक्यतो त्या दिवसाच्या किंवा आठवड्याच्या सरासरीशीच करायची. ती हाताशी नसेल, तर महिन्याची सरासरी वापरली आहे हे सांगायचे.

गव्हाच्या पेरणीची तयारी करणाऱ्यांना याचा थेट उपयोग आहे. रात्री गरम असताना घाईने पेरलेला गहू नीट फुटवे धरत नाही, म्हणून नोव्हेंबरात गारवा येण्याची वाट पाहतात. त्यांना 'ऑक्टोबर हीट कायम' एवढे तीन शब्द देऊन काय कळणार?

३१ ऑक्टोबर, गुरुवार

नरक चतुर्दशी. नोंद छोटी, पण ठेवतो आहे.

पहाटे पाच वाजता अभ्यंगाला बसलो. दरवर्षी या दिवशी आई खोबरेलाची बाटली आदल्या रात्रीच चुलीजवळ, आता गॅसच्या शेगडीजवळ, आणून ठेवते, कारण तेल थिजलेले असते आणि बोटाने खरवडून काढावे लागते. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली थिजू लागते. आज बाटली बाहेरच्या फळीवरच होती. आईने ती उचलली, तिरकी केली, आणि तेल पाण्यासारखे वाटीत आले. "यंदा थिजलंच नाही बाई," एवढेच ती म्हणाली. अंगाला उटणे लावताना कोणी कुडकुडले नाही. पंखा सुरू होता.

गेले महिनाभर मी जे वाक्य शोधतो आहे ते आईने सहज म्हटले. त्यात विशेषण नाही. दरवर्षी काय होते, यंदा काय झाले नाही, एवढेच आहे. पत्रकात ते वापरता येणार नाही, कारण एका घरातली एक बाटली हे केंद्र नव्हे, आणि घरातली हवा बाहेरच्यापेक्षा गरम असतेच. पण वाक्याचा बांधा घेता येतो. 'दिवाळीच्या पहाटे जाणवणारा गारवा यंदा अद्याप नाही' हे वाक्य, शेजारी आकडा असेल तर, भडकही नाही आणि मिळमिळीतही नाही.

२ नोव्हेंबर, शनिवार

काल हवामान विभागाचे महासंचालक मृत्युंजय महापात्र यांनी ऑक्टोबरचे देशपातळीवरचे आकडे दिले. १९०१ पासूनच्या नोंदींत यंदाचा ऑक्टोबर सर्वांत उष्ण ठरला आहे. महिन्याचे सरासरी तापमान २६.९२ अंश, नेहमीचे २५.६९. किमान तापमान २१.८५ अंश, नेहमीचे २०.०१. पश्चिमी झंझावात, म्हणजे पश्चिमेकडून उत्तर भारतात येणाऱ्या पाऊस-थंडीच्या प्रणाली, न येणे आणि बंगालच्या उपसागरातील कमी दाबाच्या प्रणाली, ही कारणे त्यांनी दिली.

पाडव्याचा दिवस असूनही कागद घेऊन बसलो. महिन्याचे सरासरी तापमान नेहमीपेक्षा १.२३ अंश अधिक, किमान १.८४ अंश अधिक. सरासरी तापमान म्हणजे कमाल आणि किमान यांची बेरीज भागिले दोन, म्हणून कमाल तापमानाचा वाटा उलट काढता येतो. तो जेमतेम ०.६ अंश निघतो. दिवसाच्या तिप्पट वाढ रात्री झाली. आम्ही गेल्या वर्षीसारखे फक्त दुपारविषयी लिहीत राहिलो असतो, तर १२४ वर्षांतल्या सर्वांत उष्ण ऑक्टोबरबद्दल आमच्या पत्रकात 'नेहमीसारखेच ऊन' एवढे आले असते, आणि ते दुपारपुरते खरेही असते.

त्याहून अस्वस्थ करणारी गोष्ट माझ्या स्वतःच्या तक्त्यात निघाली. ९ तारखेला मोठ्या समाधानाने केलेल्या पायऱ्यांमध्ये १.२३ हा आकडा कुठे बसतो? दीड अंशाच्या आत, म्हणजे 'सरासरीइतके'. माझ्या नियमाने विक्रमी महिना सर्वसाधारण ठरतो!

चूक पायऱ्यांची नाही, त्या मी नको तिथे लावल्या ही चूक आहे. त्या एका केंद्रावरच्या एका दिवसासाठी आहेत. एका गावात एका दिवशी तापमान दीड अंशाने इकडे-तिकडे होणे ही रोजची गोष्ट आहे. पण एकतीस दिवस आणि अख्खा देश यांची सरासरी काढली की चढउतार एकमेकांना खाऊन टाकतात, आणि उरलेला सव्वा अंश फार मोठा असतो. हे वाचकाला समजावून सांगणे कठीण आहे, कारण 'सव्वा अंश' वाचून तो म्हणणार, एवढ्यासाठी का आरडाओरडा? दुसऱ्या बाजूला 'सर्वांत उष्ण ऑक्टोबर' एवढेच लिहिले तर त्याला वाटणार की दुपारी आगीचा लोळ होता, आणि तो आपला अनुभव आठवून म्हणणार, छे, असे काही नव्हते.

दोन्ही द्यावे लागतील, आणि क्रमानेच. आधी क्रमांक आणि नोंदी कधीपासूनच्या ते, मग फरक, आणि मग तो फरक दिवसाचा की रात्रीचा. यांतले काहीही गाळायचे नाही. 'इतिहासातला', 'शतकातला', 'कधी नव्हे असा' हे शब्द नकोत. '१९०१ पासूनच्या नोंदींत' हे लांब असले तरी ते पुरेसे जोरदार आहे.

६ नोव्हेंबर, बुधवार

काकांना सुधारलेला तक्ता दाखवला. दैनंदिन पायऱ्यांच्या वर आता 'एक केंद्र, एक दिवस' असे ठळक लिहिले आहे. महिन्याच्या आणि प्रदेशाच्या आकड्यांना विशेषणच द्यायचे नाही, फक्त क्रमांक आणि फरक द्यायचा, असे ठरले. त्यांनी सगळे वाचले, आणि एकच बदल केला: मी 'रात्रीचे तापमान' लिहिले होते, तिथे 'किमान तापमान' केले. किमान बहुधा पहाटे सूर्योदयाच्या सुमारास नोंदले जाते, ते रात्रभराचे तापमान नव्हे. मग मावशींना कळेल असे कसे लिहावे, यावर चहा संपेपर्यंत चर्चा झाली. शेवटी 'पहाटेचे किमान तापमान' यावर दोघेही राजी झालो.

राहिला पहिल्या दिवसाचा प्रश्न. 'ऑक्टोबर हीट' हा शब्द ठेवला आहे. लोकांच्या तोंडचा शब्द आपण काढून टाकणारे कोण? मात्र तो मोसमी वारे परतल्यानंतरच्या गरम दुपारींचे नाव म्हणूनच येईल, कारण म्हणून येणार नाही, आणि सरासरीपेक्षा जास्त तापमानाला नाव म्हणूनही येणार नाही. 'ऑक्टोबर हीटमुळे तापमान वाढले' हे वाक्य म्हणजे उकाड्यामुळे उकडते असे म्हणण्यासारखे आहे.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

आज गेलेल्या पत्रकातला ऑक्टोबरविषयीचा मजकूर नोंदीसाठी उतरवतो:

'भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या माहितीनुसार यंदाचा ऑक्टोबर १९०१ पासूनच्या नोंदींत देशात सर्वांत उष्ण ठरला. महिन्याचे सरासरी तापमान २६.९२ अंश होते. ते नेहमीपेक्षा १.२३ अंश अधिक आहे. वाढ मुख्यतः पहाटेच्या किमान तापमानात झाली. ते नेहमीपेक्षा १.८४ अंश अधिक राहिले, तर दुपारच्या कमाल तापमानातील वाढ त्याच्या सुमारे एक तृतीयांश होती. हे आकडे देशाच्या सरासरीचे आहेत, आपल्या गावचे आकडे वेगळे असू शकतात. गव्हाची पेरणी करणाऱ्यांनी आपल्या जवळच्या केंद्राचे किमान तापमान पाहावे.'

साठ-सत्तर शब्द झाले. उरलेल्या जागेत पावसाची शक्यता आणि दवाचा इशारा बसला. मावशींचे उत्तर अकरा वाजता आले: 'आता कळलं.' त्याखाली त्यांनी त्यांच्या बागेतले आजचे पहाटेचे तापमान लिहून पाठवले होते. ते मी वेगळ्या वहीत टिपून ठेवले.

यादीत 'थंडी' या शब्दापुढची जागा अजून रिकामी आहे. तो शब्द या आठवड्यात लागला नाही.